कोपऱ्यातलं नाव

पत्र:

ताई, नमस्कार. मी २४ वर्षांचा आहे. सोलापुरातून कमर्शियल आर्टचा डिप्लोमा केला आणि आता बार्शीत एका फ्लेक्स-डीटीपीच्या दुकानात डिझाइनचं काम करतो. दिवसभर वाढदिवस, दशक्रिया, दहावीचे निकाल आणि उद्घाटनं. रात्री घरी आलो की इन्स्टा नाहीतर पिंटरेस्ट उघडतो. जगातली भारी इलस्ट्रेशन्स, पोस्टर्स, भिंतीवरची चित्रं बघत बसतो. सेव्ह केलेल्यांचा आकडा परवा बघितला, चार हजारांच्या वर गेलाय. पण हात सुकलाय. सगळं एकसारखं दिसायला लागलंय आणि बघून झालं की उभारी यायच्या ऐवजी आपण कुणीच नाही असं वाटतं. इथे गावात बघण्यासारखं काही नाही. पुण्या-मुंबईची पोरं रोज चांगलं बघतात. खरंच आतून हलवेल असं काम कुठे सापडतं? कुणाकुणाला फॉलो करू? एक यादी द्याल का?

माझी तीन कामं जोडतोय. तिसरं घाईत केलंय. समोरच्या डेअरीवाल्यांना जुन्या रंगवलेल्या बोर्डवर फ्लेक्स लावायचाय आणि अक्षरं तशीच हवीत. तसा फॉन्ट सापडला नाही म्हणून बोर्डाचा फोटो बघून हातानेच काढली. ते बघितलं नाहीत तरी चालेल.

– एक वाचक, बार्शी

उत्तर:

बघू नका म्हटलं की माणूस आधी तेच बघतो. मीही तिसरंच आधी उघडलं. पण त्याच्याकडे शेवटी येते, त्यावरून तुला एक काम सांगायचंय.

आधी यादीचं. चार हजारांत अजून चाळीस घालून तुझं काय भलं होणार? त्यापेक्षा मोबाइल पालथा ठेव, दुकानातल्या पावतीपुस्तकाची कोरी बाजू घे आणि त्या चार हजारांपैकी कुठलीही दहा चित्रं ज्यांनी काढली त्यांची नावं लिही. स्पेलिंग चुकलं तरी चालेल. माझा अंदाज आहे, तिसऱ्या-चौथ्या नावाला पेन अडेल. चित्रं डोळ्यांपुढे येतील: ती निळ्या केसांची बाई, तो खिडकीतला वाघ, ते जाड अक्षरांचं जपानी पोस्टर. माणूस मात्र येणार नाही. तुझं दुखणं मला इथे दिसतं. चित्रं पोत्याने बघितलीस आणि चित्रकार एकही भेटला नाही. सुटं चित्र पूर्ण होऊनच समोर येतं, त्यात शिरायला फट नसते. त्याच माणसाची आणखी दहा कामं बघितली, त्यातली दोन फसलेली दिसली, की मग कळतं हा गडी नेमकं काय करू बघतोय. तेव्हा हात शिवशिवतो.

हे शहाणपण माझ्या पदरचं नाही. एका जाहिरात कंपनीत मी नवी होते. तिथे काचेच्या कपाटात परदेशी डिझाइनचे जाडजूड वार्षिक अंक असायचे, आणि आम्ही सगळे त्यांवर पोसलेले. मी त्यातलं एक पोस्टर जवळजवळ जसंच्या तसं उचललं. चहाच्या कामासाठी होतं, रंग तेवढे बदलले. आमच्या आर्ट डायरेक्टरांनी लेआउट बघितला, काही न बोलता कपाट उघडलं, बरोबर तो अंक काढला, बरोबर ते पान उघडलं आणि माझ्या लेआउटशेजारी ठेवलं. मला वाटलं आता गेली नोकरी. त्यांनी विचारलं, "हे कुणाचं?" मला नाव माहीत नव्हतं. ते तिथे भडकले. चोरीवर नाही, नाव माहीत नसण्यावर. "घर फोडलंस ते फोडलंस, कुणाचं फोडलंस ते तरी बघायचं!" मग त्यांनी मला त्या माणसाची आणखी दहा कामं शोधून आणायला सांगितली. इंटरनेट नव्हतं. तीन महिने लागले, दोन ग्रंथालयं झाली, आणि सहावं-सातवं काम हाती लागेपर्यंत मला चोरायची गरजच उरली नव्हती.

म्हणून माझा सल्ला एवढाच: सेव्ह करू नकोस, माग काढ. एक चित्र आवडलं की त्याच्या मालकापर्यंत जा. तिथून त्याच्या गुरूपर्यंत, मित्रांपर्यंत, त्याच्या गल्लीपर्यंत. यादी आपोआप होते आणि ती तुझी असते. कसं ते तुझ्या दुकानातल्याच वस्तू घेऊन दाखवते.

प्रत्येक डीटीपीवाल्याकडे क्लिपार्टचा एक फोल्डर असतो, पूर्वी डीव्हीडीवर यायचा. त्यात वारली नाचाचा गोल असतोच. शाळेच्या स्नेहसंमेलनाचं बॅनर, लग्नपत्रिकेचा कोपरा, ढाब्याचं मेनूकार्ड, तू तो शंभरदा चिकटवला असशील. आता त्याचा माग काढ. लग्नाच्या वेळी सवाशिणी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायच्या, तिथून हे येतं. त्या रेषेला रोजच्या चित्रकलेत, कागदावर आणि कापडावर आणलं ते डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. त्यांची मासेमारीच्या जाळ्याची चित्रं शोध. सगळा कागद जाळ्याने भरलेला, हजारो बारीक रेघा, प्रत्येक रेघ शेजारणीपेक्षा जराशी वेगळी कललेली, त्यामुळे जाळं पाण्यात हलल्यासारखं वाटतं. आणि त्या एवढ्या पसाऱ्याजवळ माणूस केवढा? नखाएवढा. आता तुझ्या क्लिपार्टमधला गोल शेजारी ठेव. बारा माणसं, बाराही एकाच माणसाच्या कॉपी, गुडघा सगळ्यांचा एकाच कोनात वाकलेला. त्या एका तुलनेत तू जेवढं शिकशील तेवढं चार हजार सेव्हमध्ये शिकला नाहीस. मग पुढे ये: मयूर आणि तुषार वायेडा हे दोघे भाऊही गंजाडचेच, आज वारलीच काढतात आणि तरी त्यांचं काम वेगळं ओळखू येतं. ते का, हे मी सांगणार नाही. बघ.

आता तुझं ते वाक्य, गावात बघण्यासारखं काही नाही. मुंबईचा समीर कुलावूर नावाचा चित्रकार आहे, जे.जे.च्या उपयोजित कलेतून, म्हणजे तुझ्यासारखाच कमर्शियलवाला. त्याने एक अख्खं पुस्तक कशावर केलं असेल? निळ्या ताडपत्रीवर. पावसाळ्याआधी जी घरावर, टपरीवर, टेम्पोवर, बांधकामावर चढते ती. आणि एक झाइन केलं झेरॉक्सवाल्यांवर. झाइन म्हणजे चित्रकाराने स्वतःच्या हिमतीवर छापलेली छोटी चोपडी. म्हणजे बघ, तू ज्या दुकानात बसून 'इथे काही नाही' असं मला लिहिलंस, त्या दुकानावर एका माणसाने चोपडी काढली आणि जगभरच्या डिझायनरांनी ती बघितली. बार्शीच्या बाजार समितीत पोती झाकायला ताडपत्री कुठल्या रंगाची असते रे? मला खरंच माहीत नाही. तुला माहीत असायला हवं.

चेहरे तू रोज करतोस. कट करायचा, उजळवायचा, मागे सोनेरी झळाळी, खाली नाव. तेव्हा चेहऱ्यांचा एक धडा घे. २०१४ साली दिल्लीत आयटीओजवळच्या तेव्हाच्या पोलीस मुख्यालयाच्या भिंतीवर जर्मनीचा हेंड्रिक बाइकिर्श आणि आपल्याकडची अनपू वर्की यांनी गांधीजी रंगवले. काळ्या-पांढऱ्यात, कित्येक मजले उंच. २०१८ साली मुंबईत चर्चगेटला पश्चिम रेल्वेच्या इमारतीवर ब्राझीलच्या एदुआर्दो कोब्राने गांधीजीच रंगवले, पण गोधडीसारखे: लाल, पिवळे, जांभळे, हिरवे तुकडे. दोन्हींचे फोटो शोध आणि ए-थ्रीवर शेजारी-शेजारी प्रिंट काढ. मालकाला सांग टेस्ट प्रिंट आहे.

आधी नुसतं बघ. मग फोटोशॉपमध्ये कोब्राचा रंग काढून टाक, ग्रेस्केल कर. चेहरा तसाच उभा राहील. ऊन आहे तिथे त्याने फिका रंग वापरलाय, सावली आहे तिथे गडद. रंग वाटेल तो घेतला तरी किती फिका, किती गडद हा हिशोब कुठे चुकवला नाही. आता तुझ्या एखाद्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर हाच प्रयोग कर. मी केला, तू पाठवलेल्या पहिल्या कामावर. चेहरा, नाव, मागची झळाळी आणि कडेचे बारा कार्यकर्ते, सगळं एकाच करड्या लगद्यात गेलं. राग मानू नकोस. भाऊंना काही दिसणार नाही, तुला दिसेल.

या कोब्राचा माग काढत गेलास तर साओ पावलोला पोचशील, आणि तिथे तुला एक गंमत सापडेल. २००७ सालापासून त्या शहरात रस्त्यावरच्या जाहिरातींच्या होर्डिंगवर बंदी आहे. एवढं अवाढव्य शहर, फलक उतरवले, आणि मागून नुसत्या भिंती निघाल्या. आपल्या चौकाचं असं झालं तर मागून काय निघेल याचा मी कधीकधी विचार करते. फ्लेक्सवाल्याला हे सांगणं म्हणजे कसायाला गोशाळेचा पत्ता देणं आहे, पण राहवलं नाही.

एवढी मोठी भिंत काढतात कशी, हाही प्रश्न तुला पडला पाहिजे. जादू काही नाही. छोट्या चित्रावर चौकटी आखायच्या, भिंतीवर त्याच मोठ्या आखायच्या आणि चौकट-चौकट उतरवत जायचं. हल्लीचे काहीजण भिंतीवर आधी वेड्यावाकड्या खुणा मारतात, तिचा फोटो काढून मोबाइलवर त्यावर चित्र ठेवतात आणि खुणांच्या आधाराने रेघ ओढतात. सिनेमाची होर्डिंग रंगवणारे आपले पेंटर चौकटीनेच करायचे. मकबूल फिदा हुसेन मुंबईत आले तेव्हा पोटासाठी हीच होर्डिंग रंगवत होते. जन्म कुठला? पंढरपूर. तुझ्याच जिल्ह्यातलं, एसटीने सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल एवढं जवळ.

अक्षरांकडे येते, कारण तुझ्या धंद्यात चित्र शोभेला आणि अक्षर पोटाला. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये श्री-लिपी हे मराठी फॉन्टचं पॅकेज लावून जे पाचसहा फॉन्ट तू सगळीकडे वापरतोस, ते तुझ्या हाताच्या सवयीचे झालेत. फॉन्टही कुणीतरी काढतं, हे आपण विसरतो. विंडोजमधला मंगल, ज्याला सगळे डीटीपीवाले नाकं मुरडतात, तो र. कृ. जोशी यांचा. कवी, जाहिरातीतला माणूस, सुलेखनकार आणि दोन-तीन पिढ्यांचा मास्तर, २००८ साली गेले. त्यांच्या अक्षरचित्रांचा शोध घे, म्हणजे मंगलकडे बघायची नजर बदलेल. मग आजचे लोक: मुंबईत एक टाइप नावाचा गट आहे, सारंग कुलकर्णी, नूपुर दाते, गिरीश दळवी ही त्यातली मंडळी. त्यांचा मोदक नावाचा फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर फुकट आहे. उतरवून घे आणि दोनशे पॉइंटला नुसता 'क्ष' टाइप कर. अक्षर इतकं गुबगुबीत आहे की आतली पोकळी जवळजवळ बुजलीय, तिच्या जागी केसाएवढी पांढरी फट राहिलीय, आणि तरी 'क्ष' 'क्ष'च वाचला जातो. एवढं पोट वाढवून ओळख टिकवायची म्हणजे कुठे किती चिमटा घ्यायचा हे किती वेळा चुकून कळलं असेल! अर्धा तास एका अक्षरावर घालव. 'ळ' वर दुसरा अर्धा तास.

तिथेच यात्रा वन नावाचा आणखी एक आहे, तोही फुकट. मुंबई लोकलच्या स्टेशनांवर हाताने रंगवलेली जी नावं असायची, त्यांच्यावरून तो बेतलाय, कॅथरिन श्मिट नावाच्या बाईंनी. आपण त्या पाट्यांखाली उभं राहून जन्म काढला आणि गाडी कधी येते एवढंच बघितलं. असो.

आणि याच वाटेवर तुला हनीफ कुरेशी भेटतो, ज्याचं नाव तू नक्की लिहून ठेव. दुकानांच्या पाट्या लिहिणारे पेंटर फ्लेक्समुळे बसले, तेव्हा हा माणूस त्यांच्याकडे गेला. त्यांच्याकडून अक्षरं रंगवून घेतली आणि त्यांचे डिजिटल फॉन्ट केले. फॉन्टला नाव कुणाचं दिलं? पेंटरचं. पेंटर कफील हा त्यातला एक. म्हणजे आपल्या दुकानातला फ्लेक्स ज्यांच्या पोटावर आला, त्यांचं नाव फॉन्टच्या यादीत जाऊन बसलं. याच हनीफने २०१४ मध्ये काही मित्रांबरोबर स्टार्ट इंडिया ही संस्था काढली. दिल्लीतली लोधी कॉलनी, जिथे सरकारी क्वार्टर्सच्या भिंतीच भिंती देशोदेशीच्या चित्रकारांनी रंगवल्यात, ती यांचीच करणी. वर सांगितलेल्या दोन्ही गांधीजींमागेही हीच संस्था. २०२४ साली तो गेला, जेमतेम चाळिशीतला होता.

स्टार्ट इंडियाने २०१७ च्या नोव्हेंबरात मुंबईत ससून डॉकवर प्रदर्शन भरवलं होतं, ते मला आजही नाकाने आठवतं. १८७५ सालची गोदी, अजूनही चालती. मासळीचं ओलं, खारट, थोडं सडकं वारं आणि त्यात ताज्या रंगाचा वास. बाहेरच्या भिंतींवर तिथेच काम करणाऱ्या माणसांचे मोठमोठे काळे-पांढरे फोटो चिकटवलेले. एका फोटोखाली एक बाई कोळंबी सोलत बसली होती. मी एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. तिने वर न बघता विचारलं, "तीच हाय का?" मी म्हटलं नाही, दुसरीच आहे. "मग माझा फोटू कुठे लावलाय बघून सांगा की, मला उठाया येत न्हाई." मी सगळी भिंत फिरले. सापडला, दाराच्या पलीकडे, अर्धा पाइपामागे. येऊन सांगितलं तर म्हणाली, "पाइपामागेच लावनार." कुठल्याही आर्ट गॅलरीत मला चित्राबद्दल असा संवाद मिळालेला नाही.

तेव्हा एकदा मुंबईला ये. रात्री बार्शी टाउनला लातूर-मुंबईत बसलास की सकाळी सीएसएमटी. समोर रस्ता ओलांडला की जे.जे.चं आवार, वार्षिक प्रदर्शनाच्या दिवसांत आलास तर पोरांचं कच्चं, चुकलेलं, जिवंत काम बघायला मिळेल आणि 'पुण्या-मुंबईची पोरं' ही तुझी भीती तिथल्या तिथे उतरेल. चालत काळा घोडा, जहांगीर आर्ट गॅलरी. तिथून कुलाब्यात कॅफे माँडेगारच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं आहेत; कॉफी महाग आहे, पण एका कॉफीवर तासभर भिंत बघता येते आणि मारिओंच्या गर्दीत तासभर लागतोच. मग चर्चगेटवरून लोकल पकडून वांद्रे. चॅपल रोडच्या गल्ल्या पायी फीर, आणि रेक्लमेशनजवळच्या एमटीएनएलच्या इमारतीवर रणजित दहियाने २०१४ साली काढलेले दादासाहेब फाळके शोध. हा रणजित हरियाणाच्या खेड्यातून आलेला, घरं रंगवणारा मुलगा. पुढे तो सिनेमाची जुनी पोस्टर्स वांद्र्याच्या भिंतींवर परत आणत सुटला. भिंतीवरचं काही कायम राहत नाही, ऊन खातं, पाऊस खातो, सोसायटी नवा रंग काढते. एखादं चित्र जागेवर सापडलं नाही तर शेजारच्या पानवाल्याला विचार. चित्राची दुसरी अर्धी गोष्ट त्याच्याकडे असते.

आणि फिरताना सगळंच आवडून घेऊ नकोस. सुशोभीकरणाच्या नावाखाली रंगवलेल्या भिंतींतल्या बऱ्याचशा मला कंटाळवाण्या वाटतात. ते दोन पंख काढलेले असतात ना, ज्यांच्यामध्ये उभं राहून फोटो काढायचा? पहिल्यांदा बघितले तेव्हा बरे वाटले. आता पंख दिसले की मी रस्ता बदलते. नावडतं काय आणि का, हे ठरवायला लागलास की आवडीला धार येते. तुझ्या चार हजारांत नावडतं एकही नसणार, म्हणून तर सगळं एकसारखं दिसतंय.

मोबाइल फेकून दे असं मी म्हणणार नाही, माझाही हातातच असतो. पण ॲप तुला तेच दाखवतं ज्याच्यावर तू काल जरा रेंगाळलास, म्हणजे तू स्वतःच्याच सावलीमागे फिरतोस. त्यापेक्षा आपण होऊन जायच्या जागा बऱ्या. फॉन्ट्स इन यूज नावाच्या साइटवर कुठल्या पोस्टरला कुठला फॉन्ट आणि तो कुणी वापरला हे लिहिलेलं असतं. बिहान्सवर लोक कच्ची स्केचेस टाकतात, शेवटच्या चित्राआधी ती बघ. पिंटरेस्टवरचं आवडलं आणि नाव नसलं तर गुगल लेन्सला दाखव, बहुतेकदा मूळ माणूस सापडतो. न सापडला तर बरेचदा ते यंत्राने केलेलं असतं, हल्ली फार. त्यातली काही दिसायला झकास असतात, मी खोटं बोलणार नाही. पण तिथे माग संपतो. पुढचं काम नाही, मागचं काम नाही, फसलेलं तर नाहीच नाही. तुला उपाशी ठेवणारी चित्रं यातली किती आहेत ते एकदा मोज.

आठवड्याला एक माणूस, एवढं पुरे. त्याचं एक काम हाताने उतरवायचं, पेन्सिलीने, ट्रेसिंग न करता. ते कुणाला विकायचं नाही, पोस्ट करायचं नाही. वहीच्या कोपऱ्यात त्याचं नाव लिहायचं.

उभारी येत नाही म्हणतोस, त्याबद्दल. दहा तास कोरलवर घालवून थकलेल्या माणसाने रात्री अकराला दुसऱ्यांची उत्तमात उत्तम कामं ओळीने बघितली तर दुसरं काय वाटणार? त्यात तुझ्या कुवतीचा संबंध नाही. सकाळी बघ, दुकान उघडायच्या आधी, वीस मिनिटं.

आता तिसरं काम.

पहिल्या दोघांत मला तू दिसला नाहीस. दुसऱ्यातलं इलस्ट्रेशन तर मी कुठेतरी बघितलंय; कुणाचं ते तुला सांगता येईल का? तिसऱ्यात 'ताजे दूध' आहे. 'दू'चा उकार गोठ्यातल्या गाईच्या शेपटीसारखा सरळ खाली उतरून एकदम वर वळलाय आणि 'ध'च्या पोटाखाली जाऊन थांबलाय. शिरोरेषा 'ध'वर तुटायला हवी तिथे नीट तुटलीय. फॉन्टमध्ये हे मिळत नाही, कारण फॉन्टमधल्या 'दू'ला शेजारी कोण येणार हे माहीत नसतं. ज्याने मूळ बोर्ड लिहिला त्याला माहीत होतं. त्याने आधी खडूची दोरी ताणून दोन रेघा पाडल्या असतील, बोटांनी अंतर मोजलं असेल, मनगट काठीवर टेकवून ऑइल पेंटचा चपटा ब्रश एका श्वासात ओढला असेल. सावली उजवीकडे खाली दिलीय, म्हणजे ऊन डावीकडून येतं असं त्याने ठरवलं, आणि सगळ्या अक्षरांना तेच ऊन दिलं. तुझ्या कॉपीत 'ता'ची सावली डावीकडे गेलीय. ती दुरुस्त कर.

बोर्डाचा फोटो मी मोठा करून बघितला. खाली उजव्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलंय. 'पेंटर' एवढं वाचता येतं, पुढची दोन-तीन अक्षरं धुळीखाली आहेत, त्यावर पन्हळाचा पत्रा आलाय. तुझ्या मालकांनी फ्लेक्सची फ्रेम अजून ठोकली नसेल, तर आजच शिडी घेऊन जा. ओल्या फडक्याने हळूच पूस, घासू नकोस, जुना रंग सुटतो. सरळ समोरून फोटो काढ, कडेला फूटपट्टी धरून. मग आत जाऊन डेअरीवाल्या काकांना विचार हा बोर्ड कधी लिहिला, किती पैसे घेतले, पेंटर राहतो कुठे आणि अजून हात चालतो का. चालत असेल तर त्याच्याकडे चहा घ्यायला जा. बार्शीत त्याने लिहिलेल्या आणखी दहा पाट्या तरी निघतीलच.

फ्रेम आधीच ठोकली असेल तर वरचे दोन स्क्रू काढ आणि तो कोपरा बघून परत बसव. मला नाव कळव.